सुटला म्हणून सांगितलेला प्रश्न

गजेंद्र भुयारला मी जितकं रागावले तितकं माझ्या वर्गातल्या कुणालाही रागावले नसेन, आणि माझ्या वर्गात काय एकेक नग होते ते अकोल्याला ठाऊक आहे. जन्मभर इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले, डाबकी रोडच्या आतल्या गल्लीत घर बांधलं, आणि शेजारी हा माणूस निघाला. पन्नाशी उलटलेली, शर्टाच्या खिशात दोन पेनं, आणि चपला काढणार त्या दुसऱ्याच्या उंबऱ्यापासून चार हात लांब. तेल्हाऱ्याकडच्या एका खेड्यातून तो तरुणपणी इथे आला आणि एका छापखान्यात लग्नपत्रिका कंपोज करायला बसला, तो अजून तिथेच बसलेला आहे. छपाईचे शिशाचे खिळे गेले, कॉम्प्युटर आले, तेही तो बघून बघून शिकला. इंग्रजी मात्र आलं नाही.

वऱ्हाडातला माणूस तोंडावर बोलतो असं पुण्याकडचे लोक म्हणतात, आणि ते खरंच आहे. आम्ही जावयाला बोलतो, सरपंचाला बोलतो, देवालाही सोडत नाही. पण ज्यानं आपल्यासाठी हातपाय हलवले त्याच्यापुढे आमची जीभ टाळूला चिकटते. पाहुणे म्हणून गेलो आणि भाजीत मीठ नसलं, तरी दुसऱ्यांदा मागून घ्यायची आणि वर "लय मस्त झाली" म्हणायचं. गजेंद्रमध्ये हा गुण जरा जास्तच उतरला होता. न्हाव्यानं कानाला कात्री लावली तरी "मस्त कटिंग झाली जी" म्हणून रुमाल दाबत घरी येणारा माणूस. मी आणि त्याची बायको सीमा यावरून त्याची भरपूर थट्टा करायचो. तेव्हा ती थट्टाच होती.

त्याला एकच मुलगी, आचल. जन्मताना रडायला उशीर झाला आणि त्यात मेंदूचा जो भाग हातपाय आणि जीभ चालवतो तो दुखावला. बाकी डोकं लखलखीत. तिला वाचायला मी शिकवलं. मी अक्षरावर बोट ठेवायचे, बरोबर असेल तर ती डोळे मिटायची, चूक असेल तर मान फिरवायची. दहा वर्षांची होईपर्यंत तिच्या मनात काय काय साठलं असेल या विचारानं माझी झोप उडायची.

मग गजेंद्रनं कुठून तरी तो प्रोग्रॅम शोधून काढला. परदेशातल्या काही हौशी लोकांनी अशा मुलांसाठी फुकट बनवलेला. पडद्यावर सहा रांगा दिसतात. एक उजेडाची पट्टी एकेका रांगेवरून सरकत जाते. आपल्याला हव्या त्या रांगेवर पट्टी आली की खटका दाबायचा, रांग उघडते. मग पट्टी त्या रांगेतल्या शब्दांवरून सरकते. हवा तो शब्द आला की पुन्हा खटका दाबायचा, आणि कॉम्प्युटर तो शब्द बोलतो. डोळे आणि मान सोडली तर आचलचा उजवा गुडघा तेवढा तिच्या ताब्यात होता, म्हणून खटका गुडघ्याशी बांधला.

मशीनमधला तयार आवाज स्टेशनवरच्या घोषणेसारखा होता, आचलनं तो पहिल्याच दिवशी नाकारला. तेव्हा गजेंद्रनं आपल्या बहिणीच्या मुलीला, प्रणालीला, अमरावतीहून बोलावून घेतलं. आचलच्याच वयाची पोरगी. दर सुट्टीत ती यायची आणि दोघी मिळून शब्द भरायच्या. प्रणाली शब्द सुचवणार, आचल डोळे मिटणार किंवा मान फिरवणार, मग प्रणाली तो बोलणार आणि गजेंद्र तो त्या त्या रांगेत बसवणार. असे आठ-नऊशे शब्द झाले, सगळे आपल्या बोलीतले. त्यात "कचोरी" होतं, "टीव्ही बंद कर" होतं, वेडपटाला म्हणायचं "भैताड" होतं. आचल माझ्याशी पहिलं पूर्ण वाक्य बोलली ते असं: "मॅडम, तुमी लय बोलता." मी इतकी हसले आणि मग इतकी रडले की सीमाला पाणी आणावं लागलं.

बरीच वर्षं ते सुरळीत चाललं. पोरगी भांडायची, गाणी मागायची, बापाला त्याच्या भिडस्तपणावरून टोमणे मारायची. बारावी झाली, पुढं मुक्त विद्यापीठातून शिकायचं ठरलं. मग परवाच्या उन्हाळ्यात जुना लॅपटॉप गरमीनं बसला. नव्या लॅपटॉपवर प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती चालेना, म्हणून गजेंद्रनं नवी टाकली. सगळे शब्द आले, प्रणालीचा आवाज आला. पण आचलनं एकदा खटका दाबला की मशीन तो दोनदा दाबला असं समजायला लागलं.

याचा अर्थ काय होतो ते मी नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पहिल्या दाबण्यानं रांग उघडायची, आणि न दाबलेल्या दुसऱ्या दाबण्यानं त्या रांगेतला पहिला शब्द लगेच बोलला जायचा. मागच्या शब्दांपर्यंत पट्टी पोचायचीच नाही. तिला म्हणायचं असायचं "पुस्तक", मशीन म्हणायचं "शाळा". तिला म्हणायचं असायचं "पाठ खाजवते", मशीन म्हणायचं "डोकं". सहा रांगांचे सहा पहिले शब्द, एवढंच तिच्याकडे उरलं.

गजेंद्रनं अमरावतीहून नवा खटका आणला, तेच. दुकानदारांना दाखवलं, ते म्हणाले हा प्रोग्रॅम आमच्या पाहण्यातला नाही, दुसरा घ्या. दुसऱ्यात हे शब्द जात नव्हते. शेवटी कुणीतरी सांगितलं की हा प्रोग्रॅम बनवणाऱ्या लोकांचा नेटवर एक चौक आहे, तिथे प्रश्न विचारायचे आणि जाणकार उत्तरं देतात. गजेंद्रनं मोबाईलकडून मराठीचं इंग्रजी करून घेतलं आणि प्रश्न टाकला. दोन दिवसांनी तो माझ्या ओट्यावर आला.

"मॅडम, याहीनं काय लिहिलं हाय पाहा बरं. मले वाटते, थे लोकं रागावले."

मी आधी त्याचा प्रश्न वाचला. जन्मभर पत्रिका कंपोज केलेल्या माणसाचा तो प्रश्न होता. सर्व आदरणीय मान्यवरांस गजेंद्र नत्थुजी भुयार यांचा सहकुटुंब सप्रेम नमस्कार. आपण सर्व आपापल्या परिवारासह खुशाल असाल. मग आईवडिलांची नावं, गाव, तालुका, जिल्हा. मग आपला अमूल्य वेळ घेत असल्याबद्दल क्षमा. आणि सर्वांत शेवटी, आपली परवानगी असल्यास एक लहानशी अडचण विचारू का? अडचण काय ती कुठेच नव्हती. खाली एकानं उत्तर दिलं होतं: विचारू का असं विचारू नका, विचारा. दुसऱ्यानं फक्त तिथल्या नियमांचं पान जोडलं होतं.

ते पान मी त्याला मराठीत वाचून दाखवलं. नमस्कार-चमत्कार लिहू नयेत. काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे तीन ओळींत लिहावं. कोणती आवृत्ती ते लिहावं. आधी स्वतः काय करून पाहिलं ते लिहावं. "तातडीचं" असं लिहू नये, सगळ्यांचंच तातडीचं असतं. आपली घरची दुःखं मध्ये आणू नयेत. एकच प्रश्न दोनदा विचारू नये. आणि आभाराचे संदेश लिहू नयेत. उत्तर उपयोगी पडलं तर त्याच्या शेजारच्या बरोबरच्या खुणेवर बोट ठेवावं, तेच आभार.

मला ते नियम आवडले, खोटं कशाला सांगू? वर्गात मी तरी दुसरं काय सांगत होते? मुद्द्याचं बोला. ते लोक काही पगार घेऊन बसलेले नव्हते, त्यांचा वेळ वाया घालवू नये हे रास्तच होतं. गजेंद्र मात्र ऐकताना खाली मान घालून बसला.

"आभार बी मानाचे नाई? कसे लोक असतीन हो मॅडम."

आम्ही दोघांनी मिळून नवा प्रश्न लिहिला. तो सांगत गेला, मी इंग्रजीत काटछाट करत गेले. शेवटी चार ओळी उरल्या. तो पडद्यावर बोट फिरवत काहीतरी शोधत होता.

"लेकीचं नावच नाई यात."

"तिच्या नावानं खटका दुरुस्त होत नाही," मी म्हटलं. तरी घरी जाऊन त्यानं खाली एक ओळ घातलीच: माझी मुलगी या यंत्रानं बोलते.

त्या ओळीमुळे असेल किंवा नसेल, उत्तर आलं. नॉर्वेतले एक म्हातारे गृहस्थ, प्रोग्रॅम मुळात त्यांनीच लिहिलेला. त्यांनी बारकाईनं प्रश्न विचारले, गजेंद्रनं माझ्याकडून उत्तरं लिहून घेतली. मग आजोबांनी लिहिलं की त्यांची बायको दवाखान्यात आहे, तिच्या उशाशी बसून त्यांनी रविवारभर हे काम केलं, सोबत एक छोटी दुरुस्ती जोडली आहे, ती टाकून पाहा आणि चाललं की नाही ते कळवा. मी ते वाचून दाखवलं तेव्हा गजेंद्रचे डोळे भरून आले. कुठला कोण माणूस, म्हणाला, आणि आपल्या आचलसाठी आजारी बायकोजवळ बसून काम करतो. दुरुस्ती टाकायची कशी ते मी समजावून दिलं आणि दुसऱ्या दिवशी बहिणीकडे अंजनगावला गेले.

महिन्यानं परत आले ती थेट त्यांच्याकडे. आचल खुर्चीत होती. मला पाहून तिचा चेहरा फुलला, गुडघा हलला, आणि मशीन म्हणालं, "शाळा." पुन्हा गुडघा. "शाळा." मग "डोकं." मग "नमस्कार." मग पुन्हा "शाळा." पोरीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तरी ती दाबतच होती.

"अजून सुधारलं नाही?" मी सीमाला विचारलं.

"सुधारलं म्हनून यायनं लिहून देलं ना," ती म्हणाली. कणीक मळता मळता, माझ्याकडे न पाहता.

गजेंद्र कामावरून आला तेव्हा मी त्याला दारातच धरलं. आजोबांची दुरुस्ती टाकली होती. काहीएक फरक पडला नव्हता. पण माणसानं इतके कष्ट घेतले, त्याचे आभार मानले पाहिजेत, आणि आभार लिहायचे नाहीत, बरोबरच्या खुणेवर बोट ठेवायचं. म्हणून त्यानं बोट ठेवलं. त्याबरोबर प्रश्नावर हिरवी पट्टी आली: सुटला. खाली आजोबांनी विचारलं, खरंच चालतंय ना? त्यावर यानं मोबाईलकडून इंग्रजी करून लिहिलं: होय साहेब, फार छान चालतंय, आपण माझ्या मुलीला वाचा दिली.

"भाऊ, तुला वेड लागलंय का?" मी ओरडले. गल्लीतले लोक बाहेर आले असतील, मला पर्वा नव्हती. "नाही चाललं तर नाही चाललं म्हणायचं! तो माणूस तेच विचारत होता!"

"मॅडम, त्यायची बायको दवाखान्यात हाय. उशाशी बसून केलं त्याहीनं. अन् मी त्यायले म्हनू का तुमचं फुकट गेलं?" तो हळूच म्हणाला. "मी म्हनलं, चार दिवस जाऊ देऊ. मंग हळूच दुसरं काही काढून इचारू."

त्या लोकांकडे "नाही जमलं" ही माहिती असते, तिच्यावरून ते पुढचं पाऊल टाकतात. आपल्याकडे ती कृतघ्नता असते. हा एवढा साधा फरक त्या नियमांच्या पानावर कुणी लिहिलेला नव्हता, कारण लिहायची गरज पडेल असं कुणाला वाटलंच नसणार.

मी स्वतःच्या नावानं खातं उघडलं आणि तोच प्रश्न पुन्हा टाकला. तासाभरात बंद झाला: हा प्रश्न आधी विचारलेला आहे आणि सुटलेला आहे, उत्तर तिथे पाहा. मी तिथे जाऊन लिहिलं की तो सुटलेला नाही. व्यवस्था पाहणाऱ्या कुणीतरी शांतपणे उत्तर दिलं: ज्यांनी विचारला त्यांनी सुटल्याचं स्वतः सांगितलं आहे, आपली अडचण वेगळी असल्यास वेगळा प्रश्न विचारा. माझी अडचण वेगळी नव्हती. मी तिथे कोण होते? शेजारीण. गजेंद्रनं स्वतः लिहिल्याशिवाय ती हिरवी पट्टी निघणार नव्हती.

"लिहितो," तो म्हणाला. रोज म्हणायचा. मी मजकूर इंग्रजीत तयार करून दिला, दोन ओळींचा. त्यानं तो मोबाईलमध्ये घेतला आणि पाठवला नाही. मला म्हणायचा, त्यात आधी माफीची एक ओळ घाला. मी घातली. मग म्हणायचा, त्यांच्या बायकोची तब्येत कशी आहे ते आधी विचारलं पाहिजे. मी तेही घातलं. मग म्हणायचा, आज गुरुवार, उद्या पाठवतो. सीमा त्याच्याशी बोलेनाशी झाली. आचल तर बोलूच शकत नव्हती. मी एकदा त्याचा मोबाईल हिसकून घ्यायला गेले, तर त्यानं तो दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि रडायला लागला. एवढा मोठा माणूस. मला त्याचा संताप आला आणि त्याची कीवही आली, आणि दोन्हींचा आचलला काडीचा उपयोग नव्हता.

पोळ्याच्या सुमारास आजोबांनी तिथे सगळ्यांसाठी एक निवेदन लिहिलं. त्यांची बायको गेली होती. आता हे काम त्यांच्यानं होणार नव्हतं. जे जे प्रश्न सुटायचे राहिले होते ते सगळे त्यांनी एकेक करून सोडवले होते आणि ही प्रोग्रॅमची शेवटची आवृत्ती. चौक वाचण्यापुरता खुला राहील, लिहिणं बंद. शेवटी त्यांनी लिहिलं होतं की इतक्या वर्षांत मिळालेल्या समाधानांपैकी एक भारतातलं, तिथल्या एका वडिलांनी कळवलं की त्यांची मुलगी या यंत्रानं पुन्हा बोलू लागली, आणि बायकोला तिच्या अखेरच्या दिवसांत ते वाचून दाखवलं तेव्हा ती हसली.

मी ते गजेंद्रला मराठीत सांगितलं. सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. शेवटची आवृत्ती आम्ही टाकून पाहिली. उरलेले सगळे दोष त्यांनी खरंच काढले होते. हा उरलेल्यांत नव्हता. लिहायची जागा पडद्यावरून गेली होती. आजोबांचा दुसरा पत्ता मी खूप शोधला, मिळाला नाही.

त्याच आठवड्यात एका दुपारी सीमानं मला बोलावलं. कूलर बंद करून ठेवला होता, मशीनचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून. गजेंद्रनं रजा घेतली होती. रांगांचे पहिले शब्द बदलता येत होते, तेवढं त्याच्या हातात होतं. आठ-नऊशेतून सहा निवडायचे होते, आणि ते आचलनंच निवडायचे असं सीमानं ठरवलं होतं. तिनं नवऱ्याला काही निवडू दिलं नसतं.

गजेंद्र एकेक शब्द वाचत होता. आचल पूर्वीसारखीच, डोळे मिटले तर हो, मान फिरवली तर नाही. "पाणी." डोळे मिटले. "संडास." मिटले. "दुखते." मिटले. "गरम होते." मिटले. "आई." मिटले, आणि सीमानं पदर तोंडाला लावला. एक जागा उरली.

"बरी हावो मी, हे ठेवू का?" गजेंद्रनं विचारलं. "पाहुणे येतात, इचारतात कशी हाय म्हनून. काही तं सांगा लागन ना."

आचलनं मान फिरवली.

तो वाचत राहिला. कचोरी. प्रणाली. पुस्तक. मले झोपू द्या. टीव्ही बंद कर. भैताड. गाणं लाव. अभ्यास. मॅडम. पोरगी एकेका शब्दाला मान फिरवत होती, आणि काही शब्दांना फिरवायला तिला फार वेळ लागत होता. "बाबा," तो म्हणाला आणि थांबला. आचल त्याच्याकडे नुसती पाहत राहिली. ना डोळे मिटले, ना मान फिरवली.

"राहू दे," तो म्हणाला. "मी तं तसाबी येतोच ना बेटा." आणि त्यानं पुढचा शब्द वाचला. "नाई."

आचलनं डोळे मिटले, घट्ट.

त्यानं तो शब्द शेवटच्या रांगेच्या तोंडाशी बसवला, खटका तिच्या गुडघ्याशी नीट सरकवला, आणि कूलरचं बटण दाबायला उठता उठता सवयीनं विचारलं, "जमलं ना आता?"

पट्टी सरकत सरकत खाली आली. आचलचा गुडघा हलला.

"नाई," मशीनमधून प्रणालीचा आवाज आला.

गजेंद्र परत खाली बसला. आचल थांबून पट्टी खाली येण्याची वाट पाहायची आणि पुन्हा तोच शब्द दाबायची. ती कितीतरी वेळ दाबत राहिली, आणि तो तिच्यासमोर बसून ऐकत राहिला.